पामीरवर एकट्याने सायकलिंग: या चुका टाळा

ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून निघणारा एम ४१ हा रस्ता खोरोग, मुर्गाब करत पामीरच्या पठारावरून किर्गिझस्तानातल्या ओशला उतरतो. अंतर बाराशे किलोमीटरच्या वर, आणि वाटेतली सर्वांत उंच खिंड अक-बैताल, ४,६५५ मीटर. मनाली-लेह करून आलेल्या सायकलस्वाराला पुढचं पाऊल म्हणून हाच रस्ता खुणावतो. उंचीचे आकडे ओळखीचे वाटतात, आणि गफलत तिथेच होते. लडाखच्या वाटेवर ढाबे आहेत, लष्कराच्या छावण्या आहेत, मागून येणारे आपल्याकडचे मोटरसायकलवाले आहेत. पामीरवर काही टप्प्यांत दिवसभरात चार-दोन गाड्या दिसल्या तर पुष्कळ.

अशा ठिकाणी एकटं असणं म्हणजे 'आज थांब' असं सांगणारं कुणी नसणं. उंची, भूक, जुलाब, थंडी या सगळ्या आधी विचारशक्तीवरच घाला घालतात आणि नेमका त्याच वेळी निर्णय घ्यायचा असतो. म्हणून खालच्या बहुतेक चुकांवरचा उपाय घरीच, डोकं शांत असताना ठरवायला हवा. ठरवलेलं कागदावर लिहा आणि तो कागद हँडलबार बॅगेत ठेवा.

सुट्टी मोजून आखलेला मार्ग

तीन आठवड्यांची रजा, परतीचं विमान पक्कं, मधल्या किलोमीटरना दिवसांनी भागायचं आणि रोजचे ऐंशी किलोमीटर काढायचे. पुणे-महाबळेश्वर जाताना हा हिशोब चालतो. इथे रस्त्याला पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात, दुपारनंतर वारा उठतो आणि श्वास पुरत नाही. चांगल्या तयारीच्या माणसाचेही काही दिवस चाळीस-पन्नासवर संपतात. दर चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. तेवढी रजा नसेल तर मार्ग लहान करा. खोरोग ते ओश एवढंच केलं तरी तो प्रवास पूर्णच आहे.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले तिघे. वेळ लागतो आणि काहींना मधूनच थांबावं लागतं, हे इतकं जुनं आहे.

वेळ हुकलाच तर सायकल जीपच्या टपावर टाका. मुर्गाब-ओश, खोरोग-दुशान्बे अशा वाटांवर शेअर गाड्या मिळतात. 'प्रत्येक किलोमीटर पेडल मारूनच' हा हट्ट मला पटत नाही, कारण काही ठिकाणी तो जिवावर बेततो. खुजंदकडून दुशान्बेला येणाऱ्या रस्त्यावरचा सुमारे पाच किलोमीटरचा अंझोब बोगदा घ्या. अंधार, धूर, अंगावरून जाणारे ट्रक. तोंडाशी थांबून हात करा, एखादा ट्रकवाला सायकलसकट पलीकडे नेऊन सोडतो.

ओशकडून सुरुवात, आणि तीही घाईने

दिशा निवडताना बहुतेक जण विमानाचं भाडं बघतात. बघायची असते उंची. ओश समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहे. तिथून ३,६१५ मीटरची ताल्दिक खिंड ओलांडून सारी-ताश हे गाव, आणि लगेच पुढे ताजिक-किर्गिझ सीमेवरची ४,२८० मीटरची किझिल-आर्त खिंड. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही चार हजारांवर पोचता. दुशान्बेकडून आलात तर खोरोगपर्यंतचे दिवस पाय आणि फुप्फुसं तयार करण्यात जातात. पठारावरचा वाराही बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीशी.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम करावा, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. दिवसा कितीही उंच चढलात तरी चालेल, झोपायला खाली या. खोरोगहून निघाल्यावर हा नियम पाळणं अवघड जातं. खोरोग २,१०० च्या आसपास, गरम पाण्याच्या झऱ्यांचं जेलोंदी ३,५०० च्या आसपास, आणि त्यापुढे कोयतेझेक खिंड ४,२७० च्या वर. खोरोग ते जेलोंदी एका दिवसात उरकण्याऐवजी दोन-तीन दिवस घ्या आणि जेलोंदीला एक दिवस जास्तीचा काढा.

पामीरची खरी अडचण पठारावर पोचल्यावर कळते. हिमालयात बरं वाटेनासं झालं की घाट उतरता येतो. इथे अलिचुर, मुर्गाब, काराकुल ही सगळी गावं साडेतीन ते चार हजारांदरम्यान आहेत आणि खाली जायचं तर बहुतेकदा आधी आणखी एक खिंड चढावी लागते. म्हणून परत फिरायचा निर्णय पठारावर चढण्याआधी घ्यायचा. कागदावर असं लिहा: डोकं दुखतंय आणि जेवण जात नाही, तर आज पुढे जायचं नाही. गोळी घेऊनही सकाळी दुखतच असेल, तर खाली. चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागते, तर मिळेल त्या गाडीने तत्काळ खाली, रात्र असली तरी. शेवटच्या तीन खुणा मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याच्या आहेत आणि त्यात 'सकाळी बघू' म्हणायला वेळ नसतो.

उंचीच्या त्रासावरचं असेटाझोलामाइड हे औषध घ्यायचं की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. विम्याची कागदपत्रं वाचताना उंचीची मर्यादा शोधा, कारण कित्येक पॉलिसी ठरावीक मीटरच्या वर लागूच होत नाहीत. नेपाळमध्ये बोलावलं की हेलिकॉप्टर येतं, तसं इथे गृहीत धरू नका. इथला आधार म्हणजे जीप.

पाण्याचा फिल्टर तंबूबाहेर ठेवणं

पठारावर ऐन जुलैतही रात्री पाणी गोठतं. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा वापरल्यावर आत ओलावा राहतोच. तो गोठला की धागे आतून फाटतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणीही नेहमीसारखंच गळतं, फक्त जंतू अडत नाहीत. रात्री फिल्टर पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी घेऊन झोपा. गोठल्याची शंका जरी आली तरी त्यावर विसंबू नका. पाणी उकळा, किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा. त्या वेगळ्या नेलेल्या बऱ्या.

काराकुल तलावाचं पाणी मचूळ आहे आणि पठारावरची काही तळी तर चक्क खारी. नकाशावर निळं दिसतंय म्हणून बाटल्या रिकाम्या ठेवू नका. खोरोगहून एम ४१ सोडून वाखान खोऱ्याच्या वाटेने गेलात, तर लांगर ते अलिचुर हा टप्पा शंभर किलोमीटरच्या वर आहे. मध्ये ४,३४४ मीटरची खारगुश खिंड, आणि दुकान एकही नाही. मुर्गाब ते काराकुल हाही तसाच. इथे सहा-सात लिटर पाणी नेण्याची सोय सायकलवर असू द्या.

पोट तरीही बिघडतं. मध्य आशियात सायकल चालवणाऱ्यांपैकी फार थोडे यातून सुटतात. जलसंजीवनीची पाकिटं भरपूर न्या आणि थांबा. जुलाब चालू असताना खिंड चढायला निघणं म्हणजे पाण्याची कमतरता आणि विरळ हवा एकत्र अंगावर घेणं. जुलाबात रक्त पडलं किंवा ताप चढला तर काय घ्यायचं, आणि कुजक्या अंड्यासारखे ढेकर येऊन आठवडाभर पोट ठिकाणावर येत नसेल तर काय, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. दुसरी तक्रार बहुधा जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची असते आणि जलसंजीवनीने जात नाही.

वरणभाताची आशा

चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मारायला एवढं पुरतं, तूरडाळ शिजायला पुरत नाही. कुकरशिवाय डाळ-तांदूळ नेणं म्हणजे इंधन जाळणं. पोहे, भाजलेला रवा, सातूचं पीठ, शेवया, मेतकूट, गूळ-शेंगदाणे हे सगळं इथे फार कामाला येतं. गावात चहाबरोबर नान असतोच. दूध, लोणी, मीठ घातलेला शीर-चाय सकाळी अंगात ऊब आणतो. घरगुती मुक्कामात आदल्या रात्री सांगून ठेवलंत तर अंडी आणि तळलेले बटाटे मिळतात. 'बे गुश्त' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. तरी रश्शातून मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा पुढ्यात येऊ शकतो. कट्टर शाकाहारी असाल तर स्वतःच्या शिध्यावर भरवसा ठेवा.

स्टोव्ह पेट्रोलवर चालणारा हवा. गॅसची डबी विमानात नेता येत नाही आणि मोठ्या शहरांबाहेर ती सापडेलच असं नाही. तिकडच्या पेट्रोलने काजळी फार धरते. जेट, म्हणजे इंधन बाहेर येण्याचं बारीक छिद्र, साफ करायची सुई खिशात, आणि स्टोव्ह उघडून जोडायचा सराव घरी.

महागडी सायकल, पण हँगर एकच

चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या धातूच्या तुकड्याने जोडलेला असतो, तो हँगर. सायकल उजव्या बाजूवर आपटली की आधी तो वाकतो किंवा मोडतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आणि दुसऱ्या सायकलचा बसत नाही. ताश्कंदमध्येही तुमचा मिळेल याची खात्री नाही. दोन जास्तीचे न्या. विमानात सायकल खोक्यात भरताना डिरेलर सोडवून आत बांधा, नाहीतर तो प्रवास सुरू होण्याआधीच वाकतो. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हँगर वाकलाच तर हळूहळू सरळ करून मधल्या गिअरांवर चालवा. मोडला आणि दुसरा नसेल तर चेन लहान करून एकाच गिअरवर पुढचं मोठं गाव गाठा.

मागच्या चाकाचे आरे तुटतात ते बहुतेक कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरांच्या दातेरी चकत्यांच्या, बाजूचे. सामानाचं वजन मागे जास्त आणि रस्ता खडबडीत, तर ते होणारच. छत्तीस आऱ्यांचं, हाताने बांधलेलं चाक घ्या. दोन्ही बाजूंच्या आऱ्यांची लांबी वेगळी असते, ती मोजून त्या-त्या मापाचे जास्तीचे आरे सीटखालच्या पोकळ दांड्यात, सीटपोस्टमध्ये, ठेवा. कॅसेट काढायचं छोटं हत्यार नसेल तर हे आरे नुसतं ओझं. दुरुस्तीला जागा नसेल तेव्हा तुटलेला आरा शेजारच्याला गुंडाळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे, हबच्या डाव्या कडेवरचे (फ्लँजवरचे) आरे किंचित सैल करा. चाक आउट राहील, पण फिरेल.

कॅरिअरचे बोल्ट रोज संध्याकाळी चाचपा. टायरची भिंत फाटली तर आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा लावा. आडव्या लाटांच्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी केली की मनगटं आणि कॅरिअर दोन्ही वाचतात.

कागद, औषधं, नदीकाठ

पामीरचा भाग गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रांतात येतो आणि त्याचा परवाना व्हिसाखेरीज वेगळा लागतो. २०२१ च्या चकमकींनंतर ताजिक-किर्गिझ सीमा बंद झाली होती, मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमाकरार केला. किझिल-आर्तवरून परदेशी सायकलस्वाराला सोडण्याचे नियम बदलत राहिले आहेत. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून सीमेवर पोचलात तर मागे फिरावं लागेल, आणि मागे म्हणजे पुन्हा अक-बैताल.

उझबेकिस्तानातून जाणार असाल तर औषधांची पिशवी बघून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल आपल्याकडे सर्रास दिलं जातं, तिथे सीमेवर ते गंभीर प्रकरण होतं. नेणं भागच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि आधी नियम वाचा.

रस्ता शेकडो किलोमीटर पांज नदीच्या काठाने जातो. पलीकडे अफगाणिस्तान. रस्ता आणि नदी यांच्यामधली सपाट, हिरवी जागा तंबूला मोहात पाडते. तिथे तंबू लावू नका. या सीमेवर काही भागांत भूसुरुंग आहेत आणि गस्तही असते. गावात विचारा, अंगणात जागा मिळते. डॉलर कोरे, न दुमडलेले न्या, मळकी नोट नाकारतात.

कुत्र्यांपासून पळ काढणं

मेंढपाळांची कुत्री पळणाऱ्याचा पाठलाग करतात. उतरा, सायकल मध्ये धरा, दगड उचलायला वाका, सावकाश चालत निघा. रेबीजची लस निघण्याआधीच घेतली तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही, आणि या दुर्गम भागात मिळायला कठीण ते हेच. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. पुढचे डोस तरीही घ्यावेच लागतात.

'रोज रात्री फोन करीन'

हे वचन आईला देऊ नका. दोन दिवस रेंज नसेल, तिकडे घर जागं राहील आणि इकडे तुम्ही रेंजच्या नादात अंधारात खिंड उतराल. त्याऐवजी टप्प्यांची यादी द्या: लांगर सोडल्यावर अलिचुरपर्यंत शांतता असेल, अमुक तारखेपर्यंत काळजी नको. ती तारीख उलटली तर कुणाला फोन करायचा हेही लिहून द्या: शेवटच्या मुक्कामाचं घर, पुढच्या मुक्कामाचं घर, मग दुशान्बेतला भारतीय दूतावास.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र एकट्याला मोठा आधार देतं. पण भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर ते घेऊन पकडले गेलेले प्रवासी आहेत. हवंच असेल तर तिकडे पोचल्यावर भाड्याने मिळतं का बघा आणि परतीच्या विमानाआधी तिथेच परत करा.