टेम्पल स्क्वेअरवर पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहण्याआधी

अमेरिकेच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या ऐन मध्यात टेम्पल स्क्वेअर आहे. येशू ख्रिस्ताच्या लॅटर-डे सेंट्स चर्चचं, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांचं, हे मुख्य ठिकाण. इथे पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि त्यांना फिरवून दाखवायचं काम प्रामुख्याने तरुण मिशनरी मुलींकडे असतं. त्या देशोदेशींहून १८ महिन्यांच्या सेवेवर येतात आणि कायम जोडीने वावरतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाता-येता मराठी कुटुंबंही इथे तासाभरासाठी डोकावतात. या कामावर निघालेल्या मुलींसाठी आणि आपली मुलगी तिकडे नेमकं काय करते, हे समजून घ्यायचं असलेल्या घरच्यांसाठी ही तयारी लिहिली आहे.

सुरुवात पायांपासून करा. दिवसातले कित्येक तास काँक्रीटवर आणि दगडी फरशीवर उभं राहायचं असतं. बुटांचे दोन जोड हवेतच आणि ते आलटूनपालटून घालायचे, कारण घामाने ओलसर झालेला बूट एका रात्रीत पुरता सुकत नाही आणि दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो. नवा जोड थेट ड्युटीवर घालू नका, आधी आठवडाभर खोलीत वापरा. हिवाळ्यात दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो आणि वाटेवर न दिसणारा निसरडा थर तयार होतो, म्हणून तळ खोल खाचांचा, रबरीच घ्या. बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर चामडं तडकतं. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, कारण बाहेर थंडी आणि आत हीटर अशी ये-जा दिवसभर चालते. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम जाणवत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं. एक लिटरची बाटली दुपारपर्यंत संपली पाहिजे. ओठांना लावायचं मलम बाराही महिने खिशात असू द्या.

नावाचा काळा बिल्ला ही तुमची ओळख. टेम्पल स्क्वेअरवर त्याच्या जोडीला आपल्या देशाच्या झेंड्याची छोटी पट्टीही लावतात. परक्या शहरात तिरंगा दिसला की संकोचलेली भारतीय मंडळी आपणहून जवळ येतात, त्यामुळे तो कोटाखाली झाकला जाता कामा नये. चुंबकाचा बिल्ला जाड कोटावरून घसरतो, तिथे पिनेचाच लावा.

सकाळी ६:३०ला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी आणि धर्मग्रंथांचा अभ्यास. रात्री १०:३०ला दिवे बंद. बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं काढून आज कोणती इमारत उघडी आहे, कोणता रस्ता बांधकामामुळे बंद आहे, ऑर्गनवादन किती वाजता आहे हे तपासा. कालच्या माहितीवर विसंबून सत्तरीच्या आजोबांना बंद दारापर्यंत चालवत नेलं, तर पुढचं काहीही त्यांच्या कानात शिरत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि काही पाहुण्यांना लवकर दम लागतो. सावलीतले बाक, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं आणि चाकाच्या खुर्चीसाठीचे उतार पाठ हवेत. सर्वांत जास्त विचारलं जाणारं हेच असतं.

आता मुख्य गोष्ट. पहिलं अर्धं मिनिट बोलण्याचं नसून विचारण्याचं आहे. कुठून आलात, किती वेळ आहे, काय बघायची इच्छा आहे, असे तीनच प्रश्न विचारा. पाठ केलेलं भाषण लगेच सुरू करणं ही नवख्या मुलींची नेहमीची चूक असते. विमानाला दोन तास उरलेल्या माणसाला चर्चचा सगळा इतिहास नको असतो. त्याला फोटो कुठून चांगला येईल आणि विमानतळाची ट्रॅक्स गाडी, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, कुठे मिळेल ते सांगा. ती ग्रीन लाइनची गाडी टेम्पल स्क्वेअर नावाच्याच स्थानकावर मिळते. मुलं कंटाळलेली असतील तर सीगल स्मारकापाशी न्या. १८४८मध्ये पिकांवर पडलेली किड्यांची धाड समुद्रपक्ष्यांनी फस्त केल्याची ही आठवण आहे, स्मारक १९१३चं. टोळधाड ऐकून माहीत असलेल्या शेतकरी घरातल्या माणसांना इथे फार समजवावं लागत नाही.

आकडे मोजकेच, पण बिनचूक सांगा. टेम्पल स्क्वेअरवरच्या मुख्य मंदिराचं बांधकाम १८५३ ते १८९३, म्हणजे ४० वर्षं चाललं. दगड लिटल कॉटनवुड कॅनियनमधून आणला. भिंती तळाशी ९ फूट जाड आहेत आणि वर जाता जाता ६ फुटांच्या होतात. डिसेंबर २०१९च्या अखेरीस मंदिर नूतनीकरणासाठी बंद झालं. कशासाठी, असं विचारलं की भूकंपाचं सांगा. पायाखाली ९८ विलगक, म्हणजे इमारतीला जमिनीच्या हादऱ्यापासून वेगळं ठेवणारे आधार, बसवले आहेत, त्यामुळे जमीन हादरली तरी वरच्या इमारतीला बसणारा धक्का कमी होतो. काम सुरू झाल्यावर तीनच महिन्यांत, १८ मार्च २०२०ला, ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शिखरावरच्या देवदूताच्या पुतळ्याच्या हातातली तुतारी खाली पडली. ही गोष्ट लोक लक्ष देऊन ऐकतात.

टॅबरनॅकल या लंबगोल सभागृहात टाचणीचं प्रात्यक्षिक दाखवायची रीत आहे. छत ८० फूट उंच, ऑर्गनला ११,६२३ नळ्या. एक जण मंचावर उभी राहून वर्तमानपत्राचा कागद फाडते, मग खिळा आणि टाचणी लाकडावर टाकते, आणि माइकशिवाय तो आवाज पार मागच्या बाकापर्यंत पोचतो. इथे फसगत बहुतेक घाईमुळे होते. सगळे बसायच्या आत टाचणी पडते, किंवा दार उघडं राहतं आणि बाहेरचा आवाज आत येतो. म्हणून जोडीदारणीने मागे दारापाशी थांबावं, दार लागलं आणि बाळ शांत झालं की हात वर करावा. तोवर मंचावरचीने नुसतं उभं राहावं. टाचणी वीतभर उंचीवरून सोडा. फेकली तर तिचा आवाज मऊ होतो. दोन जादा टाचण्या खिशात ठेवा, कारण पडलेली टाचणी वेळेवर सापडत नाही.

अवघड प्रश्न येणारच. त्यांची उत्तरं आदल्या रात्री जोडीदारणीसमोर मोठ्याने म्हणून पाहा, कारण मनात सोपं वाटणारं वाक्य तोंडातून निघताना अडखळतं. मंदिरात आत जाता येईल का? एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात ते सर्वांना आतून पाहता यावं अशी योजना आहे; पुन्हा समर्पण झाल्यावर फक्त परवाना असलेल्या सदस्यांना प्रवेश. मुंबईच्या अग्यारीचं उदाहरण दिलं की मराठी पाहुण्यांना चटकन कळतं आणि राग येत नाही. तुमच्यात अनेक बायका करतात का? पूर्वी प्रथा होती, १८९०मध्ये चर्चने ती बंद करण्याचं जाहीर केलं. हे एवढं सरळ सांगा. उत्तर टाळलं तर पाहुणा पुढच्या कशावरच विश्वास ठेवत नाही. आमचं धर्मांतर करणार का, हा प्रश्न भारतीय पाहुणे बहुधा विचारत नाहीत, पण तो चेहऱ्यावर असतो. फिरून बघायला पैसे लागत नाहीत आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका. तुमची श्रद्धा विचारली तर मनापासून सांगा, नाही विचारली तर वाटाड्याचं काम नीट करा. कुणी नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारू नका.

भारतीय ज्येष्ठांना हात जोडूनच नमस्कार करा, स्वतःहून हस्तांदोलनाला हात पुढे करू नका. चर्चचे लोक चहा-कॉफी घेत नाहीत, तेव्हा चहाबद्दल विचारणा झाली तर शेजारच्या भागाकडे बोट दाखवा. रस्त्यापलीकडच्या सिटी क्रीक मॉलमधली दुकानं रविवारी बंद असतात, तेही आधी सांगा. रविवारी सकाळी ९:३०ला चर्चच्या गायकवृंदाच्या कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण असतं. त्यासाठी ९:१५पर्यंत जागेवर बसावं लागतं आणि आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसतो. हे दारात पोचल्यावर कळलं तर आईबापांचा हिरमोड होतो.

जोडीदारणीशी कामाची वाटणी रोज बोलून घ्या. एक बोलते, दुसरी गटाच्या शेपटीवर लक्ष ठेवते. दोघींनी एकमेकींच्या नजरेआड जायचं नाही. सकाळी खटका उडाला असेल तर खोलीतच मिटवा, पाहुण्यांना तो लगेच दिसतो.

आठवड्यातला तयारीचा दिवस कपडे धुणं, किराणा आणि घरच्या फोनसाठी असतो. २०१९पासून दर आठवड्याला घरी बोलायची मुभा आहे. तिथल्या सकाळी ८ला फोन लावला तर हिवाळ्यात भारतात रात्रीचे ८:३० आणि उन्हाळ्यात ७:३० वाजलेले असतात. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्याआधीच्या फोनवरच आईला नवी वेळ लिहून घ्यायला सांगा.