आउटबोर्डचा पंखा किती पिचचा घ्यावा?

आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) पंख्याच्या बुंध्यावर 13¼ × 15 असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. न घसरता फिरला तर हा पंखा एका फेरीत 15 इंच पुढे जाईल. शेजारच्या बोटीला कोणता बसवलाय ते बघून खरेदी करू नका. इंजिन, गिअर रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) किंवा वजन बदललं की हिशोब बदलतो. टॅकोमीटर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) बघा.

मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलची आरपीएम रेंज दिलेली असते. समजा ती 5000 ते 6000 आहे. आधी तळावरचे शिंपले आणि शेवाळ खरवडून काढा, पात्यांच्या कडा मुडपल्यात का ते पाहा. खाडीत महिना-दोन महिने उभ्या असलेल्या बोटीची आरपीएम नुसत्या घाणीनेच पडते, आणि दोष पंख्यावर येतो. मग नेहमीची माणसं, भरलेली टाकी आणि सामान घेऊन शांत पाण्यात निघा. बोट उचलली (वेगाने पाण्यावर वर आली) की ट्रिम (इंजिनाचा तिरपेपणा) हळूहळू बाहेर काढा, पूर्ण थ्रॉटल द्या, आकडा स्थिरावला की आरपीएम आणि जीपीएसचा वेग लिहून घ्या.

पिच एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढते. पाच माणसांसह 15 पिचवर 5100 मिळाले आणि तुम्हाला 5500 हवेत, तर 13 चा पंखा घ्या. नंतर एकट्याने चालवून पाहा. 6000 च्या वर जाता कामा नये. दोन पिचमध्ये अडलात तर कमी पिचचा घ्या. वरचा वेग थोडा जाईल, पण जास्त पिचवर इंजिन दमून चालतं, बोट उचलायला वेळ लागतो आणि पेट्रोलही जास्त जातं. तीनऐवजी चार पात्यांचा घेणार असाल तर पिच साधारण एक इंच कमी धरा.

पडताळा असा: आरपीएम × पिच × 0.001524 ÷ गिअर रेशो = ताशी किलोमीटर. 5500, 13 आणि 1.85 धरले तर सुमारे 59. जीपीएस 50 दाखवत असेल तर स्लिप (हिशोबाच्या वेगापेक्षा खरा वेग किती कमी) 15 टक्के, म्हणजे ठीक. स्लिप फारच जास्त निघाली तर पिचला हात लावू नका. वळणावरच आरपीएम उसळत असेल तर पंखा हवा ओढतोय: ट्रिम आत घ्या, इंजिनाची उंची तपासा. सरळ जातानाही आरपीएम वाढते पण वेग वाढत नाही, तर हबचा (पंख्याच्या मधल्या बुंध्यातला) रबर घसरतोय.

पंखा बदलताना गिअर न्यूट्रलला, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढलेली. शाफ्टभोवती गळाची तंगूस अडकली असेल तर ती काढा. सील कापलं गेलं की गिअर ऑइल दुधाळ होतं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) मरीन ग्रीस लावा, थ्रस्ट वॉशर (पंख्याला टेकणारी जाड चकती) त्याच बाजूने परत घाला, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. कॉटर पिनचं (नट फिरू न देणाऱ्या पिनचं) भोक जुळलं नाही तर नट सैल न करता थोडा पुढे फिरवा. पिन दरवेळी नवी.