पीप्रॉफ उघडल्यावर आधी वरची ओळ वाचा

गो भाषेतला प्रोग्रॅम मंद चालतोय म्हणून प्रोफाइल (कोणत्या फंक्शनवर किती वेळ गेला याची नोंद) घेतलं की बहुतेक जण थेट आलेखाचं चित्र उघडतात. मी आधी टर्मिनलवर ‘गो टूल पीप्रॉफ’ (गोचं प्रोफाइल वाचायचं साधन) चालवून त्याला फाइलचं नाव देतो आणि सुरुवातीलाच छापलेली कालावधीची ओळ वाचतो. प्रोफाइल 30 सेकंदांचं आणि नमुने (चालू कोडच्या ठराविक अंतराने घेतलेल्या नोंदी) जेमतेम 2 सेकंदांचे असतील, तर प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामाच होता. प्रोग्रॅम डेटाबेसची, नेटवर्कची किंवा कुलपाची (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या लॉकची) वाट पाहत असणार. मग सीपीयू प्रोफाइल कितीही उकरलं तरी हाती काही लागत नाही. वाट कुलपाची असेल तर ब्लॉक (अडून राहिलेला वेळ) किंवा म्युटेक्स (कुलपामुळे झालेली अडवणूक) प्रोफाइल घ्या.

नमुने भरपूर असतील तर ‘टॉप’ टाका. इथे ‘फ्लॅट’ आणि ‘क्यूम’ या दोन रकान्यांत गफलत होते. फ्लॅट म्हणजे फंक्शनने स्वतः खाल्लेला वेळ. क्यूममध्ये त्याने बोलावलेल्या फंक्शनांचाही वेळ येतो. रनटाइमची (प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या गोच्या अंतर्गत कोडची) मेमरी वाटणारी फंक्शनं फ्लॅटमध्ये वर दिसली, तर खरा दोषी त्यांना बोलावणारा तुमचाच कोड असतो. तो शोधायला ‘पीक’ आणि फंक्शनचं नाव द्या, बोलावणारे समोर येतात. नंतर ‘लिस्ट’ आणि त्या बोलावणाऱ्याचं नाव: सोर्सच्या प्रत्येक ओळीपुढे वेळ छापला जातो. माझ्या मते या साधनातली सगळ्यात मोलाची आज्ञा हीच.

नमुने सेकंदाला 100च घेतले जातात, त्यामुळे एक-दोन नमुन्यांच्या फरकावरून कोड बदलू नका.