मूळ कागद नसताना झेरॉक्स पुराव्यात कशी आणावी

समजा, चाळीतल्या खोलीच्या पागडीपोटी आरोपीने रक्कम घेतली आणि त्याने दिलेल्या पावतीची फक्त झेरॉक्स फिर्यादीकडे उरली आहे. गिरगाव कोर्टात ती पुढे करताच बचावाचे वकील मूळ पावती मागणार, हे धरूनच चालावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ५९ नुसार दस्तऐवजातील मजकूर मूळ दस्तऐवजानेच शाबीत करावा लागतो. नक्कल चालते ती कलम ६० च्या अपवादात बसली तरच. (१ जुलै २०२४ पूर्वीच सुरू असलेल्या खटल्यास १८७२ चाच भारतीय पुरावा कायदा लागू राहतो, म्हणून अर्जात कलम लिहिण्याआधी तारीख पाहावी.)

हा निव्वळ तांत्रिक हट्ट नाही. पावतीवरील ‘५ लाख’ या आकड्यामागे नंतर कुणी ‘२’ लिहिला असेल, तर मूळ कागदावर शाईचा फरक दिसू शकतो. झेरॉक्समध्ये दोन्ही आकडे सारखेच काळे.

मूळ पावती हरवली असल्यास ती कुठे ठेवली होती, कधी आणि कुठे शोधली, हे फिर्यादीच्या सरतपासणीतच (स्वतःच्या बाजूच्या वकिलाने घेतलेल्या पहिल्या साक्षीतच) यावे, कारण स्वतःच्या कसुरीने गहाळ केलेल्या कागदाला ही सवलत नाही. त्यानंतर झेरॉक्स कोणी आणि कशावरून काढली ते विचारावे. झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स असेल, तर पहिली प्रत मूळ पावतीवरूनच निघाली होती, हेही साक्षीत यावे लागते. नवखे वकील नेमके हेच विसरतात.

मूळ पावती आरोपीकडे असेल तर ती हजर करण्यासाठी कलम ६४ ची नोटीस द्यावी. स्वतःविरुद्धचा कागद हजर करण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही. तरीही नोटिशीनंतर त्याने तो आणला नाही, की नकलेची वाट मोकळी होते.

निशाणी क्रमांक (पुराव्यातील कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) पडला म्हणून पावती शाबीत झाली, असे समजू नये. आरोपीची सही कलम ६५ प्रमाणे स्वतंत्रपणे शाबीत करावी लागते. बचावपक्षाला नक्कल दाखल करण्याच्या पद्धतीवर हरकत असेल, तर ती निशाणी पडतानाच घ्यावी. अपिलात ती सहसा ऐकली जात नाही.

झेरॉक्सऐवजी मोबाइलमधील फोटोची प्रिंट असेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे कलम ६३(४) चे प्रमाणपत्र, त्याचे दोन्ही भाग भरून आणि हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झाल्यास बदलणाऱ्या तिच्या अंकीय ठशासह), प्रिंटसोबतच दाखल करावे.