अमेरिकन बँजो नुसता बघून-ऐकून कुठल्या काळातला ते कसं ओळखायचं

आधीच सांगतो, गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बेंजो हा नव्हे, तो मूळ जपानकडचा. इथे अमेरिकन बँजोबद्दल बोलतोय.

पहिलं काम, तारा मोजा. पाच असल्या तर पाचवीची खुंटी बघा, ती टोकाला नसते, दांडीच्या मधेच बाजूला असते. ही आखूड तार अंगठ्याने छेडायची, आणि ती आफ्रिकेतून आलीय, सेनेगल-गांबियाच्या अकोन्टिंग या भोपळ्याच्या तंतुवाद्यालाही असते. व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने ती बसवली असं बऱ्याच ठिकाणी वाचाल, सोडून द्या, त्याचा जन्मच १८१० चा आणि साउथ कॅरोलिनातल्या १७८५-९० च्या आसपासच्या एका चित्रात गुलाम माणसाच्या हातातल्या भोपळ्याच्या बँजोला ती चक्क दिसते!

भोपळा, वर कातडं, दांडीवर पडदे (सुरांच्या आडव्या पट्ट्या) नाहीत, म्हणजे सगळ्यात जुना घाट. गोल लाकडी चौकट आणि कातडं ताणायला स्क्रू दिसले की १८४० नंतरचं समजा, बाल्टिमोरचा बाउचर मुळात ढोल बनवणारा, तो असे बँजो विकायचा. त्याच सुमारास गोरे लोक तोंडाला काळं फासून, गुलामांची टिंगल करत स्टेजवर हेच वाजवायचे आणि पैसे कमवायचे. बँजो देशभर गाजला तो असा. पडदे आणि स्टीलच्या तारा पुढे आल्या. चारच तारा असतील तर बहुतेक १९२० च्या जॅझचा, नंतर ती जागा गिटारने खाल्ली.

आता हात बघा, खरी गंमत इथेच आहे. तर्जनीच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली आपटायची, हात उचलताना अंगठा आखूड तारेतून सोडवायचा, ही क्लॉहॅमर पद्धत, अकोन्टिंगवाल्यांच्या हाताशी खूप जुळते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा तिघांना नख्या आणि सुरांची नुसती सरबत्ती, तर ते ब्लूग्रास, अमेरिकन लोकसंगीतातली एक वेगवान शैली, अर्ल स्क्रग्जने १९४५ च्या शेवटी बिल मन्रोच्या बँडमध्ये येऊन गाजवलेलं.

कान तयार करायला रिअ‍ॅनन गिडन्स या गायिका-वादिकेचा बिनपडद्याचा बँजो ऐका, मग लगेच बँजोवादक बेला फ्लेक आणि आपले झाकीरभाई यांचं २०२३ चं काम लावा. हेडफोन लावूनच.