घडत्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर पुस्तक लिहिताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चंदगडच्या वेशीवरची गावं इथून मराठी माध्यमात दहावी केलेली मुलं बेळगावात इंजिनिअरिंगला आली की प्रोग्रॅमिंग एकदम इंग्रजीतून अंगावर येतं. त्यांच्यासाठी मराठीत पायथन ही भाषा, तिच्यात वेबसाइट बांधायचं जँगो, तक्ते हाताळायचं पांडाज यांवर लिहायचं कुणी मनावर घेतलं तर वाचक हमखास आहे. अडचण कालमानाची आहे. पायथनची नवी आवृत्ती आता दर ऑक्टोबरला येते. मच्छ्याच्या विद्यापीठाची, म्हणजे व्हीटीयूची, स्कीम (अभ्यासक्रमाची आखणी) मात्र काही वर्षं तशीच चालते, आणि आपल्याकडचा विद्यार्थी स्कीम बघूनच पुस्तक घेतो. म्हणजे पुस्तक दुकानात असेपर्यंत आतलं सॉफ्टवेअर दोन-तीनदा कूस बदलून मोकळं. खालच्या बहुतेक चुका या फरकातूनच येतात.

'लेटेस्ट व्हर्जन टाका' असं लिहिणं

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. समजा, निपाणीच्या तंबाखूच्या दरांची यादी घेऊन तुम्ही पांडाजचा धडा लिहिलात आणि रोजचा दर डेटाफ्रेमला, म्हणजे पांडाजच्या तक्त्याला, 'अपेंड'ने जोडून दाखवलात. ही सोय जानेवारी २०२२ च्या १.४ आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये काढूनच टाकली. आज आवृत्ती न सांगता पांडाज टाकणाऱ्या मुलाला 'असा गुणधर्मच नाही' एवढाच एरर दिसतो. त्याऐवजी 'कॉन्कॅट' वापरायचं, हे त्याला कुठून कळणार?

मग पांडाजची १.५.३ पक्की करून दिली की झालं? नाही. तिची तयार पॅकेजं पायथन ३.११ पर्यंतचीच आहेत. मुलाने ३.१२ टाकलं की पिप (लायब्ररी बसवून देणारा प्रोग्राम) पांडाज सोर्समधून बांधायला बसतो आणि पानभर लाल अक्षरं ओकतो. पायथन जुनं ठेवलं आणि नमपाय २ (पांडाज जिच्यावर उभं आहे त्या लायब्ररीची नवी आवृत्ती) आलं, तरी पुन्हा मोडतोड. म्हणून सगळ्या लायब्ररींच्या आवृत्त्या 'पिप फ्रीझ'ने काढून ती फाइल वाचकाला द्या, आणि पायथनची आवृत्ती शीर्षकपानाच्या मागे ठळक छापा. प्रस्तावनेत नको, प्रस्तावना कुणी वाचत नाही.

वाचकाचं मशीनही बघा. घरी थोरल्या भावाचा जुना कॉम्प्युटर, त्यावर विंडोज ७, हे चित्र आपल्या भागात अजून दिसतं. पायथन ३.९ पासून पुढचं त्यावर बसतच नाही. ३.८ बसतं, पण त्याची देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. कुठली आवृत्ती धरायची ते तुम्ही ठरवा, पण ठरवल्याचं पुस्तकात सांगा. जँगोवर लिहीत असाल तर दीर्घ देखभालीची आवृत्तीच धरा. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली आणि एप्रिल २०२८ पर्यंत सांभाळली जाणार आहे. स्कीमच्या आयुष्याशी एवढं जुळणारं दुसरं काही मिळत नाही.

न आलेल्या गोष्टीवर प्रकरण लिहिणं

'पुढच्या आवृत्तीत हे असंच होणार' असं खुद्द प्रकल्पाने जाहीर केलं तरी थांबा. टाइप अॅनोटेशन (कुठल्या प्रकारची माहिती येणार याची कोडमधली नोंद) उशिरा तपासण्याची पद्धत पायथन ३.१० पासून आपोआप लागू होणार, असं ठरलेलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये, आवृत्ती गोठवायच्या तोंडावर, ते मागे घेतलं. रस्ट या भाषेचं तर विचारू नका. १.० मे २०१५ मध्ये आली, पण त्याआधी पॉइंटरची चिन्हंच्या चिन्हं भाषेतून गळाली होती. नव्यात पहिलं पुस्तक आपलं असावं ही हौस मला समजते. पण मग ते वेबवर ठेवा, छापू नका.

बगवर उपाय शिकवण्यात पानं घालवणं

लिहिताना आपण सॉफ्टवेअर वापरणाऱ्यापेक्षा जास्त बारकाईने बघतो, त्यामुळे खोट सापडते. ती टाळण्याची युक्ती दोन पानं समजावून सांगायचा मोह होतो. त्याऐवजी प्रकल्पाकडे इश्यू (तक्रार) नोंदवा, छोटं उदाहरण जोडा. खोट दुरुस्त झाली तर ती दोन पानं वाचतात, नाही झाली तर चौकटीत चार ओळी पुरतात.

डीटीपीवर सगळं सोपवणं

बेळगावात डीटीपी करणारे हात तयार आहेत, पण ते लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांवर तयार झालेले. एका ऑपरेटरने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "अवतरणचिन्हं सरळच होती की ओ सर, सगळी गोल करून दिलीत." कादंबरीला ते शोभलं असतं. पायथन मात्र गोल अवतरणाला तिथल्या तिथे अडतो. दोन हायफनची लांब रेघ होते, ओळीच्या सुरुवातीच्या चार जागा 'जास्तीच्या' म्हणून काढल्या जातात, लांब ओळ खाली मोडते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटची शैली चुकून कोडला लागली तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी काला उमटतो. आणि लिस्टिंगमधले (छापलेल्या कोडमधले) आकडे सवयीने देवनागरी केले तर आणखी गंमत: 'इंट'ला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) मजकूर म्हणून १२ दिलेत तर पायथन ते मुकाट बारा धरतो, कोडमध्ये थेट लिहिलेत तर सिंटॅक्स एरर देतो.

कोड हाताने मजकुरात चिकटवूच नका. चालवून बघितलेल्या फाइलमधूनच तो पानात ओढला जाईल अशी व्यवस्था करा आणि कोडची शैली वेगळी, एकसमान रुंदीच्या फाँटची ठेवा. शेवटचं प्रूफ पहिल्या वर्षाच्या मुलाला द्या आणि छापलं आहे तसं टाइप करायला सांगा. लेखकाने स्वतः तपासून उपयोग नाही, त्याची बोटं चूक आपोआप दुरुस्त करतात.

स्क्रीनशॉट कमी ठेवा, बटणं सगळ्यात आधी शिळी होतात. लायब्ररीसोबत येणाऱ्या नमुना डेटावरही विसंबू नका. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीमधला बॉस्टनच्या घरांचा संच कित्येक धड्यांचा आधार होता; त्यातल्या वांशिक रकान्यामुळे तो १.२ आवृत्तीत काढला गेला. आपली छोटी सीएसव्ही (डेटाची साधी फाइल) आपणच द्यावी. आणि डॉक्युमेंटेशन फुकट वाचता येतं म्हणून भाषांतर करून छापू नका, आधी परवाना वाचा. काही परवाने तुमचं भाषांतरही त्याच अटींवर खुलं ठेवायला लावतात.

'प्रोग्राम चालत नाही' असा फोन आला तर

पुस्तकातल्या पत्त्यावर असे निरोप येणारच. आधी पायथनची आवृत्ती विचारा, मग लायब्ररीची. नंतर एररची शेवटची ओळ जशीच्या तशी मागवा. मुलं नेहमी पहिली पाठवतात. टाइप केलं की कुठून कॉपी केलं, हेही विचारा. एकच तक्रार तिघांकडून आली तर चूक पुस्तकात आहे असं धरून दुरुस्तीच्या यादीत तारखेसह टाका. त्या यादीचा क्यूआर कोड मलपृष्ठावर असू दे, पण तो स्वतःच्या डोमेनकडे न्या, कुठल्या फुकट सेवेच्या लांबलचक लिंककडे नको.

प्रेसवाला हजार प्रतींचा दर काढून दाखवेल आणि तो प्रतीमागे स्वस्तही पडेल. तरी दोन-अडीचशेच काढा. पुढचा छापा दुरुस्त्या घालून काढता येतो. शिळ्या कोडचे गठ्ठे मात्र रद्दीवालासुद्धा वजनावरच घेतो.