पीआरआय लाइन जोडताना आणि तपासताना : आयएसडीएनची मानके व उपकरणे

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यातील ईपीएबीएक्सची (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची) देखभाल ज्यांच्याकडे येते, त्यांना आयएसडीएनची, म्हणजे डिजिटल टेलिफोन जाळ्याची, गाठ बहुधा पीआरआय या अनेक वाहिन्यांच्या लाइनच्या रूपानेच पडते. लाइन बंद पडली की थेट प्रोग्रॅमिंगमध्ये बदल करण्याकडे कल असतो. परंतु आयएसडीएनची रचना थरांची आहे आणि तपासणीही खालच्या थरापासून वर चढतच करावी, असे माझे ठाम मत आहे.

सीसीआयटीटी, म्हणजे आजच्या आयटीयू-टी या संस्थेने आय-मालिकेतील शिफारशी १९८४ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि १९८८ मध्ये त्या अधिक पूर्ण केल्या. एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या उपकरणापर्यंतचा मार्ग डिजिटल करावा आणि कॉल जोडण्या-तोडण्याचे संकेत आवाजापासून वेगळ्या वाहिनीवरून न्यावेत, हे त्यांचे सूत्र आहे. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने व प्रत्येक नमुन्याचे ८ बिट धरले की ६४ केबीपीएस होतात, हीच बी-वाहिनी. संकेतांची ती डी-वाहिनी.

बीआरआयमध्ये, म्हणजे आयएसडीएनच्या छोट्या जोडणीत, दोन बी-वाहिन्या आणि १६ केबीपीएसची एक डी-वाहिनी असते. बाहेरून दोन तारांची जोडी ग्राहकाकडील एनटी१ या पेटीत येते (या ठिकाणाला यू-बिंदू म्हणतात) आणि तिथून चार तारांची एस-बस निघते, जिच्यावर आठपर्यंत उपकरणे लावता येतात. आयएसडीएन फोन, म्हणजे टीई१, बसवर थेट बसतो. साधा फोन किंवा जुने टर्मिनल, म्हणजे टीई२, टर्मिनल अ‍ॅडॅप्टरमार्गे जोडावे लागते. बसच्या टोकांना १०० ओहमचे रोधक नसतील तर उपकरणे कधी चालतात, कधी नाही, आणि असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

भारतात पीआरआय ई१ पद्धतीची आहे : ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट (वेळेचे कप्पे), एकूण २.०४८ एमबीपीएस. शून्य क्रमांकाचा स्लॉट समक्रमणासाठी, १६ क्रमांकाचा डी-वाहिनीसाठी, उरलेले ३० कॉलसाठी. ही लाइन आवारात फायबरवरून किंवा तांब्याच्या जोडीवर मोडेममार्गे येते. तांबे असेल तर वळवाच्या विजा सुरू होण्यापूर्वी एमडीएफवरील (बाहेरच्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवरील) सर्ज संरक्षण, म्हणजे अचानक वाढणाऱ्या व्होल्टेजपासूनचे संरक्षण, आणि अर्थिंग तपासून घ्यावे, कारण एक कार्ड जळाले की तीसही वाहिन्या एकदम जातात.

जोडणी करताना प्रथम दोन्ही बाजूंचा इंटरफेस एकच आहे ना, हे पाहावे. बीएनसी जोडणी ७५ ओहमची आणि आरजे-४५ जोडणी १२० ओहमची असते. त्या एकमेकींना जोडायच्या तर मध्ये बॅलन, म्हणजे हे ओहम जुळवणारा जोड, लागतो. त्यानंतर लूप चाचणी करावी, म्हणजे पाठवलेला सिग्नल तिथूनच परत फिरवून पाहावा. आरजे-४५ पोर्टवर सामान्यतः एक जोडी १ व २ या पिनांवर आणि दुसरी ४ व ५ या पिनांवर असते. मॅन्युअलमध्ये खात्री करून एका प्लगमध्ये १ ला ४ शी आणि २ ला ५ शी जोडावे व तो प्लग ईपीएबीएक्सच्या कार्डात बसवावा. सिग्नल नसल्याचा लाल अलार्म गेला, तर कार्ड ठीक आहे. मग केबलच्या मोडेमकडील टोकाला तोच लूप देऊन केबल तपासावी. तिथेही अलार्म गेला, तर दोष पुढे आहे आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार पुराव्यानिशी नोंदवता येते.

पहिला, म्हणजे तारा व सिग्नलचा भौतिक थर उभा राहिल्यावर एचडीबी३ कोडिंग (तारेवर बिट पाठवण्याची पद्धत) आणि सीआरसी-४ (चुका ओळखणारी तपासणी) यांची मांडणी कंपनीने सांगितल्याप्रमाणेच ठेवावी. क्लॉकच्या, म्हणजे बिटांची गती ठरवणाऱ्या घड्याळाच्या, बाबतीत तडजोड नको : एक्स्चेंज मास्टर, ईपीएबीएक्स स्लेव्ह. ईपीएबीएक्स स्वतःच्या क्लॉकवर चालला तर स्लिप पडत राहतात, म्हणजे मधलेच बिट गळतात किंवा दोनदा येतात; संभाषणात फक्त मधूनच एखादी टिकटिक ऐकू येते, म्हणून तक्रार येत नाही, पण फॅक्स अर्ध्यावर तुटतो.

दुसरा थर क्यू.९२१ या मानकाचा, म्हणजे डी-वाहिनीवरील दुव्याचा. एका बाजूकडून एसएबीएमई (दुवा सुरू करण्याची विनंती) जाते, उत्तरादाखल यूए (होकार) येते आणि डी-वाहिनी चालू होते. अलार्म नाहीत, तरीही ही देवाणघेवाण पूर्ण होत नसेल, तर ईपीएबीएक्स यूजर (ग्राहक) बाजूला आहे ना आणि डी-वाहिनी १६ क्रमांकाच्या स्लॉटवरच नेमली आहे ना, हे पाहावे.

तिसरा थर क्यू.९३१ चा, म्हणजे प्रत्यक्ष कॉलचा. कॉल तुटल्यावर ट्रेसमध्ये (संकेतांच्या नोंदीत) येणारा कारण-क्रमांक अवश्य वाचावा. १६ म्हणजे कॉल नेहमीप्रमाणे संपला, १७ म्हणजे समोरचा व्यस्त आहे. १ किंवा २८ आला तर पाठवलेले अंक तपासावेत. बहुतेकदा सुरुवातीचा शून्य गळालेला किंवा जादा लागलेला असतो. ३४ म्हणजे वाहिनी उपलब्ध नाही : अशा वेळी तीसही वाहिन्या खरोखर भरल्या आहेत, की ईपीएबीएक्समध्ये काही वाहिन्या ब्लॉक राहिल्या आहेत, हे पाहूनच दुसऱ्या पीआरआयची मागणी करावी.